डोळ्याला मुका मार लागला की काय करायचं

डोळ्यांच्या दवाखान्यात मी ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करते. डॉक्टरांच्या आधी पेशंट माझ्यासमोर बसतो, तक्त्यावरची अक्षरं वाचतो, मग मी त्याच्या पडद्याचा स्कॅन काढते. चेंडू, शटलकॉक, खेळताना बसलेलं कोपर, ताणलेली रबरी दोरी सुटून बसलेला फटका, असे मुका मार लागलेले डोळे नेहमीच येतात. बरेच जण उशिरा येतात. रक्त आलं नाही, सूज उतरली, मग कशाला दाखवायचं, असं त्यांना वाटलेलं असतं.

मार लागल्या लागल्या डोळा चोळू नका, दाबू नका. घरात पडून असलेले थेंब घालू नका. बाहुली गोल न दिसता एका बाजूला ओढल्यासारखी दिसत असेल, डोळ्यातून काही बाहेर आल्यासारखं वाटत असेल किंवा अचानक दिसेनासं झालं असेल, तर डोळा फुटलेला असू शकतो. अशा वेळी बर्फही लावायचा नाही. कागदी कपाचा तळाकडचा भाग कापून तो डोळ्यावर पालथा ठेवा. कपाची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकली पाहिजे, डोळ्यावर नाही. वरून चिकटपट्टी लावा आणि थेट दवाखाना गाठा. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून काही खायला-प्यायला देऊ नका. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. लहान मुलाला मार लागल्यावर उलट्या होत असतील आणि डोळा वर वळत नसेल, तर डोळा पांढराशुभ्र दिसला तरी थांबायचं नाही.

यातलं काहीच नसेल, तर दोन्ही डोळे वेगवेगळे तपासा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव भरून काढतो आणि माणसाला पत्ताच लागत नाही. डोळा बोटांनी नाही, तळहाताने झाका. तोही दाबून नाही, पोकळ धरून. बोटांच्या फटीतून लोक नकळत बघतात. तक्ता वाचताना कुणाची हनुवटी हळूच बाजूला वळायला लागली की मी लगेच सावध होते. नजरेच्या मधोमधचं दिसत नसलं की माणूस कडेच्या नजरेने वाचायला बघतो.

हे मधलं का बिघडतं? समोरून दणका बसला की डोळा हाताने दाबलेल्या रबरी चेंडूसारखा पुढून-मागून चपटा होतो आणि बाजूंनी फुगतो. बाहेरचा पांढरा थर चिवट असतो, आतला पडदा म्हणजे रेटिना ताण बऱ्यापैकी सोसतो. या दोघांच्या मध्ये कोरॉइड हा रक्तवाहिन्यांनी भरलेला थर असतो आणि त्याच्या आतल्या अंगाला 'ब्रुकचं आवरण' नावाचं पातळ आवरण. ते पुरेसं चिवटही नसतं आणि लवचीकही नसतं, म्हणून ते फाटतं आणि त्याबरोबर त्याला चिकटलेला कोरॉइडचा भागही. यालाच कोरॉइडल रप्चर म्हणतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ फॉन ग्रेफे यांनी त्याचं वर्णन 1854 मध्येच केलं होतं. मार पुढे बसला तरी चीर बहुतेक वेळा मागे, डोळ्याच्या नशीभोवती चंद्रकोरीच्या आकाराची पडते. बाहेरून आरशात बघून यातलं काहीही कळणार नाही.

म्हणूनच बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यायलाच हवा. त्या दिवशी गाडी चालवू नका. पहिल्या तपासणीत आत रक्त साचलेलं असेल तर चीर त्याखाली झाकलेली राहते. रक्त ओसरल्यावर तिथे पांढरट रेघ दिसते. त्यामुळे निघताना "पुन्हा कधी दाखवायचं?" हे विचारून तारीख घ्याच. डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त उतरलं असेल तर डोकं उंच ठेवून झोपायला सांगतात. पहिल्या काही दिवसांत पुन्हा रक्तस्राव व्हायची भीती असते, म्हणून तेव्हाची विश्रांती अजिबात टाळू नका.

चीर शिवता येत नाही, ती आपोआप भरते आणि व्रण राहतो. ती नजरेच्या केंद्राखालून गेली नसेल तर दृष्टी चांगली राहू शकते. पण पुढे काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, त्या व्रणातून नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटू शकतात. त्या झिरपतात आणि सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. वेळेत सापडलं तर डोळ्यात इंजेक्शन देऊन त्या आटोक्यात आणता येतात, उशीर झाला तर केंद्रावर कायमचा डाग राहू शकतो.

हे घरच्या घरी पकडायला अ‍ॅम्सलरचा चौकड्यांचा तक्ता उत्तम. तो दवाखान्यातून मागून घ्या. वाचायचा चष्मा लावायचा, भरपूर उजेडात तक्ता साधारण 30 सेंटिमीटरवर धरायचा, एक डोळा झाकायचा आणि मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. कुठे रेषा वाकते, कुठला चौकोन गायब होतो, ते पेन्सिलने खुणा करून खाली तारीख टाका. खूण जुनीच असेल तर घाबरू नका. नवी वाकडी रेषा दिसली तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच या. विजेसारखे झगझगाट, एकदम वाढलेले काळे ठिपके किंवा कडेने पडद्यासारखी सरकणारी सावली दिसली तर त्याच दिवशी या. आतला पडदा, म्हणजे रेटिना, सुटत असण्याची ती लक्षणं आहेत.

डोळ्याचा दाबही दरवर्षी मोजून घ्या. अशा मारात आतलं पाणी वाहून जाण्याचा कोपरा फाटला असेल तर काचबिंदू कित्येक वर्षांनी उपटू शकतो आणि तो दुखत नाही. पुन्हा खेळायला लागलात की खेळासाठीचा पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे चिवट प्लास्टिकचा, चष्मा लावा, साध्या काचेचा चालत नाही. एका डोळ्याची नजर कायमची कमी झाली असेल, तर चांगल्या डोळ्यासाठी मी हा चष्मा खेळाबाहेरही, ठोकाठोकी-कापाकापीच्या कामात, लावायला सांगते.