नर्सिंग होम प्रशासकांचे परवाना शुल्क: वाढीचा प्रस्ताव कसा तपासावा

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की एखाद्या डॉक्टरांचे दहा-वीस खाटांचे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते, आणि महाराष्ट्रात १९४९च्या कायद्याखाली नोंदणी होते ती त्या रुग्णालयाची. अमेरिकेत हाच शब्द वृद्धांच्या आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या निवासी शुश्रूषागृहासाठी वापरतात. तिथे संस्थेच्या परवान्याखेरीज, ती चालवणाऱ्या प्रशासकालाही स्वतःच्या नावावर राज्याचा परवाना घ्यावा लागतो आणि ठरावीक मुदतीने शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागते. हॉस्पिटल व्यवस्थापन शिकून तिकडे या क्षेत्रात उतरणाऱ्या मराठी मंडळींच्या हाती कधी ना कधी शुल्कवाढीचा प्रस्ताव पडतोच. तो पाहून केवळ चरफडण्यापेक्षा त्यातला हिशेब कसा तपासावा आणि हरकत नोंदवायचीच झाली तर कोणत्या मुद्द्यावर नोंदवावी, हे पुढे सांगितले आहे. राज्याराज्यांचे नियम वेगळे असल्यामुळे मुख्य उदाहरण म्हणून पेनसिल्व्हेनिया घेतले आहे, कारण शुल्क आणि खर्च यांची सांगड तिथल्या कायद्यात स्पष्ट शब्दांत घातलेली आहे.

आकड्यांना हात घालण्याआधी हे शुल्क मुळात का आहे, ते लक्षात घ्यावे. अमेरिकन काँग्रेसने १९६७ मध्ये सामाजिक सुरक्षा कायद्यात दुरुस्ती केली आणि मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेत सहभागी होणाऱ्या राज्यांना नर्सिंग होम प्रशासकांना परवाने देण्याची व्यवस्था उभारणे बंधनकारक केले. संघराज्याच्या नियमांनुसार परवाना मंडळाने आपल्याकडे आलेल्या प्रत्येक तक्रारीची चौकशी करून तिच्यावर कारवाई केली पाहिजे, आणि त्याच नियमांच्या शेवटी असेही म्हटले आहे की परवान्याचे निकष ठरवण्यासाठी आणि ते राखण्यासाठी मंडळाला येणाऱ्या खर्चात संघराज्याचा वाटा मिळणार नाही. म्हणजे काम वरून नेमून दिलेले आणि पैसा मात्र खाली उभा करायचा. राज्यांनी तो बहुतांशी परवानाधारकांच्या खिशातून उभा केला. तक्रारी वाढल्या म्हणून चौकशा निम्म्यावर आणाव्यात, अशी सोय मंडळाला नाही. तेव्हा ‘खर्च कमी करा’ एवढीच हरकत घेतली तर ती फारशी टिकत नाही.

पेनसिल्व्हेनियात हे काम नर्सिंग होम प्रशासकांचे परीक्षक मंडळ करते. हॅरिसबर्गमधील ‘डिपार्टमेंट ऑफ स्टेट’च्या व्यावसायिक परवाना विभागाच्या छत्राखाली जी अनेक मंडळे चालतात, त्यांपैकी हे एक लहानसे मंडळ आहे. त्याच्या कायद्यानुसार शुल्क, दंड आणि नागरी दंड यांतून दोन वर्षांत होणारी जमा त्या दोन वर्षांच्या खर्चाला पुरत नसेल, तर अपेक्षित जमा अपेक्षित खर्चाइतकी किंवा त्याहून अधिक होईल अशा बेताने मंडळाने नियम करून शुल्क वाढवलेच पाहिजे. प्रस्ताव वाचताना हे वाक्य शेजारी ठेवावे. वाढवायचे की नाही, हा निर्णय मंडळाच्या मर्जीवर सोडलेला नाही. वाद होऊ शकतो तो ‘अपेक्षित’ या शब्दावर.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. पहिल्यांदा दोन प्रकारची शुल्के वेगळी करावीत. अर्जाची छाननी, परवाना प्रमाणित करून देणे, निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमाला मान्यता देणे अशा एकेका कामाचे शुल्क त्या कामाच्या खर्चापुरते असते आणि जो ते काम सांगतो तोच ते भरतो. मंडळाचा बाकी सगळा संसार, म्हणजे बैठका, कायदेशीर सल्ला, चौकशा आणि सुनावण्या, द्वैवार्षिक नूतनीकरण शुल्कावर चालतो. राष्ट्रीय परीक्षेचे शुल्क या हिशेबात धरू नये. ते ‘नॅब’ या राज्य मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेकडे जाते, राज्याच्या तिजोरीत येत नाही. नवखे उमेदवार हे सगळे खर्च एकत्र मोजतात आणि मंडळाच्या नावाने बोटे मोडतात. त्यातली काही बोटे तरी नाहक मोडलेली असतात.

अर्जाच्या शुल्काबाबत प्रस्तावाला जोडलेला शुल्क-अहवाल तक्ता मिळवावा. त्यात कर्मचाऱ्याने अर्ज उघडून कागदपत्रे तपासायला किती वेळ लागतो, त्या वेळेचे वेतनासह मूल्य किती, मंडळाच्या पातळीवर फेरतपासणी लागते का, आणि शेवटी कार्यालयीन खर्चाचा वाटा किती, हे ओळीने मांडलेले असते. ज्या कामाला पूर्वी टपाल आणि कागद लागत होता आणि जे आता ऑनलाइन होते, त्याची मिनिटे जुन्याच तक्त्यातून उचललेली नाहीत ना, हे पाहावे. कार्यालयीन खर्चाचा वाटा अर्जाला लागणाऱ्या श्रमापेक्षा मोठा दिसला, तर तो कोणत्या सूत्राने लावला, हे लेखी विचारावे.

खरी मेख मात्र नूतनीकरण शुल्कात असते, आणि तिथे दरापेक्षा डोकी आधी मोजावीत. एका नर्सिंग होमला एक प्रशासक पुरतो. साऱ्या अमेरिकेत अशी गृहे सुमारे १५,००० आहेत. त्यामुळे एकेका राज्यात परवानाधारकांची संख्या परिचारिकांच्या तुलनेत अगदीच चिमूटभर असते. केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, एका राज्यात १,६०० परवानाधारक आहेत, मंडळाचा दोन वर्षांचा खर्च ५,२०,००० डॉलर आहे आणि अर्ज वगैरे शुल्कांतून ४०,००० डॉलर जमा होतात. उरलेल्या ४,८०,००० डॉलरना १,६०० ने भागले की नूतनीकरण शुल्क ३०० डॉलर येते. खर्चात एका पैशाचीही वाढ न होता शंभर प्रशासक निवृत्त झाले, तर तेच शुल्क ३२० होते. आणि एखादे वादग्रस्त प्रकरण सुनावणी, साक्षीदार, वकील, अपील अशा पायऱ्या चढत ६०,००० डॉलर खाऊन गेले, तर १,६०० जणांत प्रत्येकी साडेसदतीस डॉलरचा भार पडतो. हीच रक्कम दोन लाख परिचारिकांच्या मंडळात प्रत्येकी ३० सेंटला पडली असती. म्हणून प्रस्तावात दरवाढीची टक्केवारी पाहून दचकण्याआधी मागील तीन-चार नूतनीकरण फेऱ्यांत परवानाधारक किती होते आणि पुढे किती धरले आहेत, हे शोधावे. घट होत असताना संख्या स्थिर धरली असेल, तर आजचे शुल्क कमी दिसेल आणि दोन वर्षांनी दुसरी वाढ दारात उभी राहील.

दुसरी फसगत शिल्लक रकमेत होते. पेनसिल्व्हेनियात हे परवाने सम वर्षाच्या ३० जूनला संपतात, आणि राज्याचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. नूतनीकरणाचा पैसा त्या सुमारास एकदम येतो, खर्च मात्र चोवीस महिने संथपणे चालू राहतो. सम वर्षाच्या जुलैमधली शिल्लक पाहून ‘एवढा पैसा पडून असताना वाढ कशाला?’ असे विचारणे म्हणजे सुगीनंतर कणगी पाहून शेतकऱ्याला श्रीमंत ठरवण्यासारखे आहे. ती पुढच्या दोन वर्षांची बेगमी असते. तुलना नेहमी नूतनीकरणाच्या एका फेरीतील त्याच टप्प्यावरील शिल्लकेची मागच्या फेरीतील त्याच टप्प्याशी करावी. विषम वर्षाच्या जूनअखेर शिल्लक फेरीमागून फेरी खाली सरकत असेल, तर तूट खरी आहे असे समजावे.

पैसा कोणत्या खात्यात जातो, हेही पाहिलेच पाहिजे. पेनसिल्व्हेनियात तो व्यावसायिक परवान्यांसाठी राखलेल्या खात्यात जमा होतो. टेक्सासच्या कायद्यात शुल्क प्रशासनाच्या खर्चापुरते वाजवी असावे असे म्हटले आहे, पण जमा रक्कम राज्याच्या सर्वसाधारण महसुलात जाते; तिथे ‘आमच्या खात्यात किती उरले’ हा प्रश्न विचारूनही हाती फार लागत नाही. कॅलिफोर्नियात स्वतंत्र निधी आहे. मात्र आर्थिक ओढाताणीच्या वर्षांत त्या राज्याने अशा विशेष निधींतून सर्वसाधारण निधीला उसनवारी केलेली असल्यामुळे, स्वतंत्र निधी असला तरी त्यातून कर्ज दिले आहे का आणि परतफेड कधी, हे विचारणे योग्यच ठरते. दंडाच्या रकमेकडे मी स्वतः थोड्या संशयाने पाहतो. मंडळाचे पोट दंडावर भरू लागले तर शिक्षेचा मोह वाढतो, म्हणून अंदाजपत्रकात दंडाची जमा मोठी धरलेली दिसली तर तिचा आधार मागावा. उलट बाजूने, ‘तळे राखी तो पाणी चाखी’ हा धोकाही आहे. शुल्क भरणारे प्रशासकच मंडळावर बसत असल्यामुळे स्वस्त शुल्क आणि सुस्त चौकशी अशी जोडी जमू शकते. याच कारणाने संघराज्याच्या नियमांत मंडळाचे बहुसंख्य सदस्य एकाच व्यवसायाचे किंवा एकाच प्रकारच्या संस्थांचे नसावेत, अशी अट आहे.

इतके झाल्यावर लेखी हरकत तयार करावी. नियमाचा मसुदा ‘पेनसिल्व्हेनिया बुलेटिन’ या राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर साधारण ३० दिवस लोकांना मत देता येते. नोटिशीत दिलेल्या मंडळाच्या पत्त्यावर, नियमाचा क्रमांक ठळकपणे लिहून पत्र पाठवावे. मसुदा विधिमंडळाच्या संबंधित समित्यांकडे आणि स्वतंत्र नियम-परीक्षण आयोगाकडेही जातो. हा आयोग नियमाची गरज, त्याचा आर्थिक परिणाम, भाषेची स्पष्टता आणि वाजवीपणा तपासतो. त्यामुळे पत्रातील मुद्दे याच चौकटीत मांडले तर त्यांची दखल घेतली जाण्याची शक्यता वाढते. पत्र दोन पानांच्या आत असावे आणि त्यात एकच एक मुद्दा आकड्यांनिशी लावून धरावा. ‘वाढ अन्यायकारक आहे’ याऐवजी ‘परिशिष्टातील तक्त्यात चौकशीचा खर्च मागील फेरीपेक्षा अमुक टक्क्यांनी जास्त धरला आहे, त्यामागील प्रकरणांची संख्या द्यावी’ असे लिहिले की मंडळाला उत्तर द्यावे लागते, कारण अंतिम नियमाबरोबर आलेल्या मतांना उत्तरे जोडण्याची पद्धत आहे.

तूट खरी निघाली तर एकाच उडीऐवजी दोन-तीन फेऱ्यांत विभागलेली वाढ मागावी. त्या राज्यातील इतर मंडळांनी हा मार्ग वापरलेला आहे. नोकरीच्या करारात नूतनीकरण शुल्क संस्था भरते की आपण, हे तपासून ठेवावे. आणि हरकत विचाराधीन आहे म्हणून नूतनीकरण थांबवू नये: ३० जूनपूर्वी लागू असलेले शुल्क भरावे, दोन वर्षांचे ४८ तासांचे निरंतर शिक्षण पूर्ण केल्याची प्रमाणपत्रे आणि शुल्काची पावती एकाच फाइलमध्ये ठेवावी.