प्लेसमेंटची यादी लागल्यावर: समाजकार्य आणि समुपदेशनाच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

प्लेसमेंटची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या संस्थेत करायच्या क्षेत्रकार्याची, यादी लागली की पहिली चर्चा असते ती कोणाला कुठली संस्था मिळाली याची. रुग्णालय मिळालेल्यांचा भाव वधारतो, शाळा मिळालेले थोडे हिरमुसतात, आणि ज्यांच्या वाट्याला फारसं कोणी नाव न ऐकलेली छोटी संस्था येते ते बदलून मागायला समन्वयकांच्या दारात उभे राहतात. मी आधी विद्यार्थिनी म्हणून आणि नंतर पर्यवेक्षक म्हणून बरीच वर्षं या कामात आहे. संस्थेच्या नावाने फारसं काही बिघडत किंवा सुधारत नाही, असं माझं ठाम मत झालंय. दर आठवड्याला ठरलेली वेळ देणारा पर्यवेक्षक तिथे आहे का आणि प्रत्यक्ष माणसांशी बोलायचं काम तुमच्या वाट्याला येणार आहे का, हे दोन प्रश्न विचारा. बदलून मागायचंच असेल तर यांचं उत्तर ‘नाही’ आलं म्हणून मागा.

क्षेत्रकार्याला अभ्यासक्रमात इतकं महत्त्व का, हेही माहीत असावं. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये धर्मादाय काम करणाऱ्यांसाठी सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग सुरू झाला. समाजकार्याच्या औपचारिक शिक्षणाची सुरुवात बहुतेक ठिकाणी तिथून मोजली जाते. प्रत्यक्ष कामात राहून शिकायचं, ही कल्पना तेव्हापासून या शिक्षणात आहे. अमेरिकेत अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या परिषदेने २००८ मध्ये तर क्षेत्रकार्य हीच या व्यवसायाची खास शिक्षणपद्धती असल्याचं जाहीर केलं. थोडक्यात, वर्ग आणि परीक्षांच्या मधल्या फटीत उरकायची ही गोष्ट नाही.

तासांचा हिशोब पहिल्याच दिवशी नीट समजून घ्या, कारण पुढे सगळ्यात जास्त रडारड त्यावरून होते. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला अमेरिकेत किमान ९०० तास लागतात, ऑस्ट्रेलियात १०००. समुपदेशनात नुसती हजेरी मोजून भागत नाही, क्लायंटसमोर बसलेले तास वेगळे मोजतात. अमेरिकेतल्या एका प्रमुख मान्यताप्रणालीत इंटर्नशिपचे ६०० तास असतात आणि त्यातले २४० थेट क्लायंटसोबतचे लागतात. तुमच्या अभ्यासक्रमाचे आकडे वेगळे असतील, पण गणित असंच असतं. क्लायंट आला नाही तर तो तास सहसा थेट कामात धरत नाहीत, आणि सुरुवातीच्या काळात क्लायंट न येणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांनी आठवड्याला लागतात त्यापेक्षा एक-दोन भेटींच्या वेळा जास्त राखून ठेवाव्यात. शेवटच्या महिन्यात तास भरायची घाई झाली की माणूस क्लायंटला गरज नसताना बोलावत राहतो. ते मला अजिबात मान्य नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपलं शिकणं इथे कोणाच्या तरी अडचणीच्या काळात, त्याच्या वेळेवर आणि विश्वासावर चालतं. आपल्या शिकण्याची किंमत त्याने मोजू नये. लिखाण, पर्यवेक्षण, गोपनीयता, निरोप ही सगळी व्यवस्था त्यासाठीच आहे. हे एकदा मनात पक्कं झालं की जाचक वाटणारे बरेच नियम आपोआप पटायला लागतात.

पहिले काही आठवडे हाताला काम नसतं. फायली वाचा, मीटिंगमध्ये मागे बसा, ओरिएंटेशनला जा. याच काळात संस्थेचा पर्यवेक्षक, कॉलेजचे शिक्षक आणि तुम्ही मिळून शिक्षण करार लिहिता. ‘संवादकौशल्य वाढवणे’ असली उद्दिष्टं त्यात घालू नका, ती तपासताच येत नाहीत. ‘नव्याने आलेल्या व्यक्तीची प्राथमिक मुलाखत पर्यवेक्षकांच्या उपस्थितीत घेणे, आणि नंतर स्वतंत्रपणे घेणे’ असं लिहिलं की सत्राच्या मध्यावर सगळ्यांनाच कळतं गाडी कुठवर आली ते. बसून राहण्याचा काळ फारच लांबला आणि तुमच्याकडून नुसती नोंदवह्या भरायची कामं करून घेतली जात असतील, तर हाच करार समोर ठेवून बोला. तक्रारीचा सूर लावायची गरज पडत नाही.

क्लायंटला पहिल्या भेटीतच सांगायचं की मी विद्यार्थी आहे, अमुक महिन्यापर्यंत इथे आहे आणि माझ्या कामावर अमुक व्यक्तीची देखरेख आहे. विद्यार्थ्यांना हे सांगायला संकोच वाटतो. समोरच्याचा विश्वास उडेल अशी भीती असते. माझा अनुभव उलटा आहे. लोक विद्यार्थ्यांशी बरेचदा मोकळेपणाने बोलतात, कारण त्यांच्याकडे वेळ असतो. आणि नको म्हणायचा हक्क क्लायंटला आहेच. तो त्याने वापरला तर मनाला लावून घेऊ नका.

त्याच भेटीत गोपनीयतेच्या मर्यादाही सांगायच्या. ‘तुम्ही बोललेलं कोणाला सांगणार नाही’ हे वाक्य कधीही उच्चारू नका, कारण ते खरं नसतं. तुम्ही पर्यवेक्षकाला सांगणार आहात. कोणाच्या जिवाला धोका असेल, मुलावर अत्याचार होत असेल किंवा न्यायालयाने माहिती मागवली, तर अजून कोणाला तरी सांगावं लागू शकतं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये टॅरासॉफ खटल्यात म्हटलं, की रुग्णापासून दुसऱ्या व्यक्तीला गंभीर धोका असेल तर त्या व्यक्तीला वाचवण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. गोपनीयतेच्या चर्चेत या निकालाचा उल्लेख अजूनही होतो. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे तुमच्या संस्थेचं लेखी धोरण मागून घ्या आणि एखादी घटना घडण्याआधीच वाचा. आत्महत्येचा विचार कोणी बोलून दाखवला तर त्याच दिवशी, तिथून निघण्याआधी, पर्यवेक्षकाला कळवायचं. रिपोर्टमध्ये लिहून पुढच्या आठवड्याची वाट बघायची नाही. ते नसतील तर कोणाला फोन करायचा हेही आधीच विचारून ठेवा.

गृहभेटीबद्दल थोडक्यात सांगते. सुरुवातीला एकट्याने जाऊ नका. कुठे चाललात आणि कधी परतणार हे संस्थेत नोंदवून जा. दाराकडे जाण्याची वाट मोकळी राहील असं बसा. भाषा अडली तर घरातल्या लहान मुलाला दुभाषा करू नका. आईवडिलांच्या आजाराबद्दल किंवा भांडणाबद्दल त्याच्या तोंडून वदवून घेणं त्या मुलावर अन्याय आहे. आणि गेल्या गेल्या कागद काढून प्रश्नांची सरबत्ती लावण्यापेक्षा इकोमॅप काढा. ही पद्धत अ‍ॅन हार्टमन यांनी १९७५ च्या सुमारास विकसित केली. मधे कुटुंबाचं वर्तुळ, भोवती शाळा, नोकरी, नातेवाईक, दवाखाना अशी वर्तुळं, आणि नातं घट्ट आहे, ताणलेलं आहे की नावापुरतं आहे हे दाखवणाऱ्या वेगवेगळ्या रेषा. पेन क्लायंटच्या हातात द्या. कुठली रेष ओढताना हात थांबतो ते बघा. तासभर विचारून जे कळत नाही ते कधी कधी तिथे कळतं.

आता लिखाण. याबद्दल मी लांबलचक बोलणार आहे, कारण विद्यार्थी सगळ्यात जास्त कंटाळा याचाच करतात आणि शिकणं सगळ्यात जास्त इथेच होतं.

माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती, रुग्णालयात दीर्घ आजाराच्या विभागात. तिच्या रिपोर्टमध्ये एक ओळ होती: ‘रुग्ण निराश होते. त्यांना धीर दिला व सकारात्मक विचार करण्यास सांगितले.’ असे रिपोर्ट ढिगाने येतात. मी तिला म्हटलं, तुमच्यातलं बोलणं आठवेल तसं शब्दशः लिहून आण. डावीकडच्या रकान्यात कोण काय म्हणालं, मधल्या रकान्यात त्या क्षणी तुला काय वाटलं, आणि उजवीकडचा रकाना माझ्यासाठी रिकामा. पुढच्या आठवड्यात तिने आणलं.

ते: ‘माझ्यामागे घरच्यांचं कसं होईल?’
ती: ‘असं बोलू नका हो. सगळं ठीक होईल.’
ते: ‘हं. किती वाजले?’

मधल्या रकान्यात तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘मला भीती वाटली. ते रडायला लागले तर काय करायचं?’ मी उजव्या रकान्यात फक्त ‘किती वाजले?’ या शब्दांखाली रेष मारली. तिने ते दोन-तीनदा वाचलं आणि तिच्या लक्षात आलं की त्या गृहस्थांना वेळ जाणून घ्यायची नव्हती, विषय तिथेच मिटवला गेला होता. ‘धीर दिला’ या शब्दांखाली ते सगळं झाकलं गेलं होतं.

ती पुन्हा गेली आणि म्हणाली, ‘मागच्या वेळी तुम्ही घरच्यांबद्दल काहीतरी सांगत होता, मी मधेच तोडलं. मला ऐकायचंय.’ ते बराच वेळ बोलले. डोक्यावर कर्ज होतं आणि त्याबद्दल घरात कोणालाही माहीत नव्हतं. त्यानंतर खरं काम सुरू झालं. आधी त्यांनी पत्नीला सांगायचं ठरवलं, मग दोघांना एकत्र बसवलं, मग कुठली मदत मिळू शकते याची चौकशी झाली. ती सगळी वाट त्या तीन ओळींमुळे सापडली.

शब्दशः लिखाण दर आठवड्याला सगळ्याच भेटींचं होणार नाही. पण एका भेटीतली दहा मिनिटं तरी अशी लिहा, आणि ती त्याच दिवशी लिहा. जिथे तुम्ही अडखळलात, गोंधळलात, रागावलात ती दहा मिनिटं निवडा. छान झालेल्या भेटी पर्यवेक्षकाला दाखवायची हौस सगळ्यांनाच असते, त्यातून कौतुकापलीकडे फारसं काही हाती येत नाही. संस्थेच्या फायलीतली नोंद मात्र निराळी गोष्ट आहे. तिथे तुमच्या भावना नकोत. पाहिलेलं आणि अंदाजाने ठरवलेलं वेगळं ठेवा. ‘आई मुलाकडे दुर्लक्ष करते’ हा निष्कर्ष झाला. ‘भेटीच्या वीस मिनिटांत मूल चार वेळा आईकडे आलं, आई फोनवर बोलत होती’ ही नोंद झाली. उद्या ती फाइल न्यायालयात उघडली किंवा खुद्द त्या आईने वाचायला मागितली, तरी दुसरी नोंद टिकेल. मोबाइलवर क्लायंटची नावं, फोटो, चॅटवर पाठवलेले रिपोर्ट यातलं काहीही नको.

हे सगळं घेऊन पर्यवेक्षणाच्या तासाला जायचं. ‘सगळं ठीक चाललंय’ म्हणून तो तास रिकामा घालवू नका. आधीच्या रात्री दोन प्रश्न लिहून काढा. आणि त्या खोलीत तुम्ही कसे वागताय याकडेही लक्ष द्या. हॅरल्ड सर्ल्स या मनोविश्लेषकाने १९५५ मध्ये लिहिलं होतं, की क्लायंट आणि उपचारक यांच्यात जे घडतं त्याचं प्रतिबिंब उपचारक आणि पर्यवेक्षक यांच्या नात्यात पडतं. हे मी वारंवार पाहिलंय. एरवी हुशारीने मार्ग काढणारा विद्यार्थी एका विशिष्ट केसबद्दल बोलताना ‘आता काहीच होऊ शकत नाही, तुम्हीच सांगा’ असं म्हणत बसतो. मग मी विचारते, तुझा क्लायंट तुला हेच म्हणतो का? बहुतेक वेळा उत्तर हो असतं. अशा वेळी मी तोडगा सांगितला तर तोही क्लायंटला तोडगा सांगायला जाणार. म्हणून मी थांबते आणि आम्ही त्या हतबलतेबद्दल बोलतो.

स्वतःच्या आयुष्यातली जखम एखाद्या केसमुळे उघडी पडली तर तेही इथे सांगायचं. सविस्तर सांगितलंच पाहिजे असं नाही. ‘ही केस मला जड जातेय, कारण खाजगी आहे’ एवढं पुरे. चांगला पर्यवेक्षक त्यापुढे खोदत नाही, कामाची वाटणी बदलतो आणि गरज असेल तर तुम्हाला स्वतःसाठी समुपदेशन घ्यायला सुचवतो. तुमचं समुपदेशन करणं हे त्याचं काम नव्हे. आणि पर्यवेक्षक भेटतच नसेल, अपमान करत असेल किंवा सुरक्षित वाटत नसेल, तर कॉलेजच्या समन्वयकांना लेखी कळवा, तारखांसकट. मूल्यमापन बिघडेल म्हणून गप्प राहिलेले विद्यार्थी मी पाहिलेत. त्यांचंही नुकसान झालं आणि त्यांच्या क्लायंटचंही.

निरोपाची तयारी प्लेसमेंट संपायच्या बरंच आधी सुरू करा. समुपदेशनात शेवटच्या चार-पाच भेटी उरल्या की दर वेळी आकडा उच्चारायचा: ‘यानंतर आपल्या तीन भेटी आहेत.’ किशोरवयीन मुलं बऱ्याचदा नेमकी शेवटच्या आधीची भेट चुकवतात किंवा अचानक तुसडी वागायला लागतात. ज्यांना आधी कोणीतरी न सांगता सोडून गेलंय, त्यांच्यात हे जास्त दिसतं. चिडू नका, वेळ राखून ठेवा, संस्थेमार्फत निरोप पाठवा की मी त्या दिवशी नेहमीच्या जागी आहे. गट घेत असाल तर शेवटच्या बैठकीत नवा विषय काढू नका. स्वतःचा फोन नंबर देऊन ‘कधीही फोन कर’ असं म्हणायचा मोह होतो, विशेषतः ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्या बाबतीत. तो टाळा. सहा महिन्यांनी तुम्ही परीक्षेत किंवा नोकरीत असाल, फोन उचलला जाणार नाही, आणि त्या माणसाच्या वाट्याला पुन्हा तेच येईल.

त्याऐवजी हस्तांतरणाची नोंद नीट लिहा. काय झालं, काय अर्धं राहिलं, पुढची तारीख कोणती, कुठला अर्ज कुठे अडकलाय, कोणत्या विषयावर ही व्यक्ती बोलायला तयार नाही. पुढे काम बघणाऱ्या कार्यकर्त्याची आणि क्लायंटची एक भेट तुमच्या उपस्थितीत होऊ द्या. तुम्ही निघाल त्या दिवशी क्लायंटला त्या कार्यकर्त्याचं नाव माहीत असावं आणि पुढच्या भेटीची वेळ ठरलेली असावी.