छोट्या टेलिस्कोपने दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह कसा पकडायचा

आधीच सांगतो, ग्रह डोळ्याला दिसणार नाही, तो ताऱ्यासमोरून जाताना तारा किंचित मंद होतो तेवढं पकडायचं. 'मोठी दुर्बीणच लागते' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, 1999 मध्ये एचडी 209458 या ताऱ्यासमोरून जाणारा ग्रह 10 सेंटीमीटरच्या दुर्बिणीने टिपला होता. मात्र हात बसेपर्यंत सापडलेलाच ग्रह घ्या, नव्याची घाई नको.

सुरुवात एचडी 189733 या ताऱ्याने करा. डंबेल नेब्युला या वायूच्या ढगाच्या शेजारी आहे, प्रत (तेजाचं माप) 7.7, ऑक्टोबरात अंधार पडतो तेव्हा महाराष्ट्रात जवळपास डोक्यावर. ग्रह दर 2.2 दिवसांनी आडवा येतो, पावणेदोन-दोन तास, उजेड साधारण 2.4 टक्के घटतो. ट्रान्झिटची, म्हणजे ग्रह आडवा येण्याची, वेळ नेटवर मिळते, यूटीसीत (जागतिक वेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवा. ट्रॅकिंग लावा, म्हणजे दुर्बीण ताऱ्यामागे फिरत राहते, फोटो कॅमेऱ्याच्या कच्च्या रॉ फॉरमॅटमध्येच, आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) कमी.

आता फोकस. इथे माझे तीन सीझन गेले. सगळे सांगायचे फोकस टाचणीसारखा हवा, मी तसा करायचो आणि तारा दहा सेकंदांत जळून पांढरा, एक्स्पोजर दोन सेकंदांवर आणलं तर लुकलुकण्यामुळे उजेडाच्या आलेखात ठिपके मुरमुऱ्यांसारखे उधळलेले. सुंदर फोटोसाठीचा सल्ला इथे चालतच नाही! फोकस मुद्दाम बिघडवा, तारा वीसेक पिक्सेल रुंद होऊ दे, न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) असेल तर मधे भोक पडून अगदी मेदुवडा दिसतो, तो दिसला की समजा जमलं. मग तीस सेकंदांचं एक्स्पोजर आरामात घेता येतं. पण शेजारचा तारा वड्याला चिकटला तर आकडे गेले, तेवढं बघा.

ताऱ्याचा सर्वात उजळ पिक्सेल कॅमेरा नोंदवू शकतो त्या कमाल आकड्याच्या निम्म्यावरच ठेवा. रात्री गारठा वाढला की फोकस सरकतो, एकदा दहाच्या सुमारास माझा वडा आपोआप आकसला आणि ऐन ट्रान्झिटमध्ये तारा जळला, मी चहा पीत बसलेलो. म्हणून दुर्बीण तासभर आधी बाहेर काढा, दर पंधरा मिनिटांनी आकडा बघा, आणि मधेच फोकसच्या नॉबला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

ट्रान्झिटच्या आधी एक तास, नंतर एक तास शूटिंग चालूच ठेवा, नाहीतर घट कशाच्या तुलनेत मोजणार? फ्लॅट्स, म्हणजे एकसारख्या उजेडाचे दुरुस्तीसाठीचे फोटो, त्याच बिघडलेल्या फोकसवर.

घरी आल्यावर ॲस्ट्रोइमेजजे हे उजेड मोजायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्याच फ्रेममधले तशाच उजेडाचे दोन-तीन तारे तुलनेला लावा, आलेखात पसरट खळगा आला की नासाच्या एक्सोप्लॅनेट वॉच या हौशी निरीक्षकांच्या प्रकल्पाला पाठवा, पुढच्या ट्रान्झिटची वेळ नेमकी काढायला त्यांना असली निरीक्षणं लागतात.