इथेनॉल नसलेलं पेट्रोल साठवताय? या चुका टाळा

‘इथेनॉल नाही, म्हणजे पेट्रोल कितीही दिवस टिकेल’ हा गैरसमज पहिला काढून टाका. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि पाणी जास्त झालं की त्याच्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलमध्ये ती कटकट नाही, इतकंच. हवा लागून राळेसारखा चिकटा तयार होणं आणि लवकर पेट घेणारे हलके घटक उडून जाणं काही थांबत नाही. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, थंड जागी ठेवलं तर सहा महिने ते वर्षभर निघतं. १० टक्के इथेनॉलवालं मात्र तीनेक महिन्यांतच वापरून टाकावं.

कॅन अर्धा ठेवू नका. आत जितकी हवा, तितका ऱ्हास. काठोकाठही भरू नका, उन्हाने पेट्रोल फुगतं. वर पाचेक टक्के जागा पुरे. भरल्याची तारीख कॅनवरच लिहा.

स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ नये म्हणून घालायचं रसायन) घातल्यास मुदत वाढते, पण तो ताज्या पेट्रोलात घालायचा. शिळ्यात ओतणं म्हणजे निव्वळ पैसे वाया.

सगळ्यात जास्त नडतो तो कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. लोक कॅन जपतात आणि जनरेटर तसाच पेट्रोलसकट ठेवून देतात. बाऊलमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळच्या वाटीतलं, चमचा-दोन चमचे पेट्रोल सुकतं आणि जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीच्या) बारीक भोकात पिवळट थर धरतो. मग चोक ओढलेला असेपर्यंत इंजिन चालतं, चोक सोडला की बंद! असं झालं तर प्लग बदलत बसू नका, आधी जेट साफ करा. मशीन ठेवून देताना फ्युएल कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बाऊलचा स्क्रू सैल करून उरलंसुरलं काढून घ्या.

पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल ठेवणं तर अक्षम्यच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरच्या ज्योतीपर्यंत पोचते. म्हणून पेट्रोल राहत्या घरात नकोच. कॅन भरतानाही तो जमिनीवर टेकवून भरा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो.

जुनं पेट्रोल वापरण्याजोगं आहे का, अशी शंका आली तर थोडं काचेच्या बरणीत काढून ताज्याशेजारी धरा. रंग गडद आणि वास व्हार्निशसारखा आंबूस असेल, तर ते ताज्यात मिसळून खपवू नका आणि गटारातही ओतू नका. घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.