पायी वारीला निघण्यापूर्वी हातांची तयारी

गोव्यातून आषाढीला पायी पंढरपूरला निघणारे वारकरी चपला, छत्री आणि रेनकोटची चौकशी आठवडाभर आधी करतात; हातांचा विचार मात्र बोटे टम्म फुगून मूठ मिटेनाशी झाल्यावरच होतो. चालताना रक्ताचा ओघ राबणाऱ्या स्नायूंकडे वळतो, अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तासन्‌तास खाली लोंबणाऱ्या हातांत पाणी साचते. जूनच्या दमट हवेत घाम सुकत नसल्याने अंग लवकर थंडही होत नाही. ही सूज बहुधा विसाव्यानंतर आपोआप उतरते, पण तिची सोय घरूनच करून निघावे.

सर्वांत आधी अंगठ्या काढून घरी ठेवाव्यात, आणि हे काम आदल्या रात्री उरकावे. वर्षानुवर्षे न काढलेली लग्नातली अंगठी असेल तर हात थोडा वेळ डोक्यावर धरून, बोटाला साबण किंवा खोबरेल लावून ती हळूहळू फिरवत काढावी. सुजलेल्या बोटात ती रुतली आणि बोट निळे पडू लागले, तर अंगठी कापून काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. घट्ट पाटल्या-बांगड्यांचेही तसेच. घड्याळाचा पट्टा सैल करावा, आणि सामान भरलेली सॅक घरातच पाठीवर घेऊन तिचे पट्टे काखेत काचत नाहीत ना, हे पाहून घ्यावे.

सोबत काठी असावी, कारण ती धरताना बोटांची हालचाल होत राहते. पताका आणि टाळ आळीपाळीने सर्वांच्या हाती द्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. ज्यांचे हात मोकळे आहेत त्यांनी अधूनमधून बोटे ताणून मुठी मिटाव्यात, हात डोक्यावर न्यावेत आणि खांदे गोल फिरवावेत.

पाणी तहानेप्रमाणे प्यावे. लांबच्या चालीत नुसते पाणी अतोनात प्यायल्यास रक्तातले सोडियम घटते, म्हणून विसाव्याला मीठ घातलेली पेज आणि तोराची, म्हणजे कैरीची, फोड असावी. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र मीठ-पाण्याचे प्रमाण निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

एकच हात सुजून लाल झाला आणि दुखू लागला, किंवा सूज दुसऱ्या दिवशीही उतरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. सुजेबरोबर डोकेदुखी, उलटी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर त्या माणसाला आणखी पाणी न पाजता तातडीने रुग्णालयात न्यावे, आणि त्यासाठी दिंडीबरोबरच्या गाडीच्या चालकाचा फोन नंबर प्रत्येकाजवळ असावा.