वार्षिक प्रवास विमा रद्द करताना

आधी पॉलिसीतलं रद्द करण्याचं कलम वाचा. क्लेम घेतलेला नसेल, तर उरलेल्या दिवसांचा प्रीमियम मागता येतो: 7,300 रुपये भरून 73 दिवस सरले असतील, तर हिशोबाने 5,840. घोडं अडतं ते पासपोर्टवर. एखादा प्रवास झाला असेल तर बऱ्याच पॉलिसींत परतावा नाही. म्हणून शिक्के नसलेली कोरी पानंसुद्धा स्कॅन करून जोडा, सोबत रद्द केलेला चेक. अर्ज ईमेलनेच करा. एजंटाचं ‘होऊन जाईल’ पुरावा म्हणून चालत नाही. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवूनही महिनाभरात उत्तर आलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी, गाठा. मुंबई-पुण्यात कार्यालयं आहेत, फी लागत नाही.