कारखान्याचं सॉफ्टवेअर केबिनमध्ये बसून करू नका

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. कोल्हापूरकडच्या या तीन एमआयडीसींत माझी अठरा वर्षं गेली. स्वतः लिहिलेली सॉफ्टवेअर मोजकी. दुसऱ्यांनी अर्धवट सोडलेली निस्तरली ती जास्त. फाउंड्री असो, मशीनशॉप असो की इचलकरंजीचं सुताला खळ लावणारं सायझिंग, कोड उघडला की चुका त्याच. आता तर एआयला सांगून शनिवार-रविवारात ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) उभी करणारी मुलं भेटतात. स्क्रीन देखणी, आलेख रंगीत. फक्त हीट नंबर कुठे टाकायचा असं विचारलं की पोरगं मलाच विचारतं, हीट म्हणजे काय? (भट्टीतून एका वेळी निघालेला वितळलेला धातू म्हणजे एक हीट.)

दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी माझी चूक सांगतो.

किलो आणि नग

फाउंड्रीत धातू वितळतो किलोत, फेटलिंगच्या (ओतलेला नग साफ करण्याच्या) ठेकेदाराचं बिल बहुतेक वेळा किलोवर, आणि गिऱ्हाईक मागतं नग. हे मला कळलंय असा माझा समज होता. शेठच्या केबिनमध्ये दोन बैठका झाल्या, चहा झाला, ड्रॉइंग हातात आलं. त्यावर ब्रॅकेटचं वजन 4.2 किलो. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या यादीत, तो आकडा टाकून मी मोकळा झालो. बिन (माल ठेवायची पेटी) काट्यावर ठेवा, वजन भरा, नग सॉफ्टवेअर काढेल. 1,050 किलोचा बिन म्हणजे 250 नग.

ओतलेला नग ड्रॉइंगला विचारून वजन धरत नाही. पॅटर्न, म्हणजे साच्याला आकार देणारा नमुना, झिजतो. वाळूचा साचा कमी घट्ट बसला तर धातूच्या दाबानं त्याच्या भिंती किंचित मागे सरकतात आणि नग जड होतो. त्या ब्रॅकेटचं खरं वजन 4.35 भरत होतं. बिनमध्ये 241 नग, संगणकात 250. एका बिनमागे नऊ नग हवेतले, आणि महिन्याला साठेक बिन भरायचे.

तिसऱ्या महिन्यात पुण्याच्या गिऱ्हाइकाची गाडी दारात येऊन उभी राहिली. स्टॉकला 1,400 नग दिसत होते, त्या भरवशावर मार्केटिंगवाल्यानं 1,200 चा शब्द दिलेला. फ्लोअरवर शंभरही निघेनात. शेठना पहिली शंका आली चोरीची. रात्रपाळीच्या वॉचमनला चार दिवस घरी बसवलं. सॉफ्टवेअरवर कुणाला संशय आला नाही, मलाही नाही. त्याची लाज अजून जात नाही.

उलगडा केला स्टोअरच्या मामांनी. त्यांनी मला बिनांपाशी नेलं. प्रत्येक बिनच्या कडेला खडूनं आकडे लिहिलेले: 4.35, 4.33, 4.36.

“दर सोमवारी वीस नग येगळं काट्यावर टाकतो आम्ही, आणि सरासरी लिवतो. तुमच्या कॉम्प्युटरात ते टाकायला जागाच न्हाई.”

“मामा, मग सांगितलं का नाही?”

“इचारलंसा कवा?”

तेव्हापासून मी एका मापावर स्टॉक ठेवत नाही. मालाच्या प्रत्येक हालचालीला दोन रकाने: काट्यावरचं वजन आणि नग. त्यातला कुठला प्रत्यक्ष मोजला आणि कुठला गणितानं काढला याची खूण शेजारी. नगाचं सरासरी वजन तारखेसकट नोंदवायचं, म्हणजे पॅटर्न झिजत चाललाय तेही दिसतं. आणि मोजणीत फरक आला तर जुना आकडा खोडून नवा लिहायचा नाही. फरकाची वेगळी नोंद, कुणी मोजलं त्याच्या नावासह. नवीन मुलांना हे सगळं ‘डुप्लिकेट डेटा’ वाटतं. वाटू दे.

शिवाय पहिले तीन दिवस मी लॅपटॉप नेतच नाही. वही, पेन आणि सेफ्टी शूज. खडूच्या खुणा, सुपरवायझरच्या डायरीची शेवटची पानं, काट्याशेजारच्या खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्या, हे सगळं उतरवून घ्यायचं. शेठ विचारतात, “काम सुरू कधी करताय?” मी सांगतो, सुरू झालंय. या तीन दिवसांचं बिलही लावतो.

रात्री साडेबाराची तारीख

ही चूक माझी नाही, पण निस्तरायला मलाच बोलावलं होतं. पाळ्या सातला, तीनला आणि अकराला बदलतात, आणि कारखान्याचा दिवस सकाळी सातला उजाडतो. 14 तारखेच्या तिसऱ्या पाळीत रात्री 12.40 ला ओतलेली हीट भट्टीवाल्यांच्या लेखी 14 तारखेचीच असते. कॅलेंडर काही म्हणो.

प्रोग्रामरनं सर्व्हरचं घड्याळ घेतलं आणि तारीख अधिक अनुक्रमांक असा हीट नंबर बनवला. अनुक्रमांक मात्र सकाळी सातलाच एकवर येत होता. आता बघा: 14 च्या रात्रपाळीतली एकोणिसावी हीट 12.40 ला पडली, तिला नंबर मिळाला 15-19. पुढच्या रात्री भट्टी जोरात चालली, एकोणिसावी हीट साडेअकरालाच पडली, 15 तारीख संपायच्या आत. तिचाही नंबर 15-19.

आठ महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. मग गिऱ्हाइकाकडून तक्रार आली: नग कडक आहेत, मशिनिंगला टूल तुटतायत. नगावरचा हीट नंबर वाचला, सॉफ्टवेअरमध्ये शोधला, तर स्पेक्ट्रोचे (धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्राचे) दोन रिपोर्ट. एकात सिलिकॉन ठीक, दुसऱ्यात कमी. नग कुठल्या रिपोर्टचे ते कोण सांगणार? दोन्ही हीटचा सगळा माल परत आणावा लागला. मूळ प्रोग्रामर तोवर पुण्यात नोकरीला लागला होता आणि फोन उचलत नव्हता.

उपाय पाच मिनिटांचा आहे, फक्त पहिल्या दिवशी केला तर: उत्पादनाची तारीख वेगळी, घड्याळाची वेळ वेगळी, दोन्ही ठेवायच्या. दिवस कधी उजाडतो ही वेळ सेटिंगमध्ये ठेवायची, कारण शेजारच्या कारखान्यात ती आठ असते. डेटाबेसमध्ये हीट नंबर युनिक करायचा, म्हणजे दुसरी नोंद आली तर सॉफ्टवेअर जागेवरच अडेल. अडलेलं सॉफ्टवेअर रात्री एक वाजता शिव्या खातं, हे मान्य. पण टनामागे किती युनिट वीज लागली हा हिशेबसुद्धा याच तारखेवर उभा असतो, आणि वीजबिल म्हणजे फाउंड्रीचा जीव.

‘आपल्याला लागू नाही’

1 ऑक्टोबर 2020 ला ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) आलं ते 500 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना. इथल्या लोकांनी मान हलवून सोडून दिलं. मर्यादा 100 कोटींवर आली, मग 50, 20, 10, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी रोज रात्री दोनपर्यंत बिलिंगचे प्रोग्राम उसवत होतो. त्यातल्या एकात बिल नंबरच वीस अक्षरांचा होता: कंपनीचं नाव, युनिट, वर्ष, महिना, सगळं त्यात. जीएसटीच्या नियमात नंबर सोळा अक्षरांपर्यंतच चालतो, आणि हा नियम 2017 पासूनचा आहे. वाचायला कुणाला वेळ नव्हता.

कराचे दर कोडमध्ये लिहिणाऱ्यांशी मी आता वादही घालत नाही. 22 सप्टेंबर 2025 ला ऑटो पार्ट्सवरचा 28 टक्क्यांचा दर 18 वर आला. काहींनी कोडमधला 28 खोडून 18 लिहिला आणि चहा प्यायला गेले. ऑक्टोबरमध्ये ऑगस्टच्या बिलातला रिजेक्ट माल परत आला, त्याची क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद) मूळ बिलाच्या दरानं, म्हणजे 28 नं निघायला हवी होती. निघाली 18 नं. दराला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ अशा दोन तारखा हव्यात, आणि क्रेडिट नोटला मूळ बिलाचा धागा हवा. बस.

मशिनिंगला बाहेर गेलेला माल

‘आउट’ आणि ‘इन’ अशी दोन बटणं केली की जॉबवर्क (बाहेरून करून घ्यायचं काम) झालं, असं समजणारे बरेच आहेत. 100 नग गेले की 60 येतात, मग 36, एक रिजेक्ट, आणि तीन त्याच्याकडेच पडून राहतात. वजनही घटून येतं, कारण चिप्स (कापलेल्या धातूचा कीस) तिथंच राहिल्या. त्या कुणाच्या, हा वेगळा तंटा. कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही तर जीएसटी कायद्याच्या कलम 143 नुसार तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी पुरवला असं धरलं जातं. म्हणून प्रत्येक चलनाची बाकी वेगळी दिसली पाहिजे. मी दहाव्या महिन्यात ती ओळ लाल करतो. मोल्ड, डाय, जिग-फिक्स्चरला (नग पकडून धरायच्या साधनांना) ही मुदत नाही, त्यांचं रजिस्टर वेगळं ठेवा.

उरलेल्या, भराभर

डिलीट बटण ठेवू नका. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे हिशेब तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असतील तर 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक बदलाची नोंद राहणं, आणि ती बंद करता न येणं, बंधनकारक आहे.

कामगारांची नावं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलीतून थेट कॉपी करू नका. युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर ‘पाटील’ शोधल्यावर एकही सापडणार नाही, आणि कोल्हापुरात ते जरा कठीणच आहे.

हातमोजे घातलेल्या माणसाला ड्रॉपडाउन देऊ नका. मोठी बटणं द्या. बारीक वाळूनं कीबोर्ड मरतात, दोन जास्तीचे घेऊन ठेवा.

टॅलीसारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर पुन्हा लिहायला जाऊ नका. सीएला जे हवं ते टॅलीतच हवं असतं. तिकडे नोंदी पाठवा आणि गप्प बसा.

इंटरनेट गेल्यावर डिस्पॅच थांबत असेल तर ते सॉफ्टवेअर गेटवर चालणार नाही. पावसाळ्यात या आणि बघा.

बॅकअपबद्दल सगळे मान डोलावतात. ऑगस्ट 2019 च्या पुरात पंचगंगेच्या बाजूच्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हर टेबलाखाली जमिनीवर होता. बॅकअपची हार्ड डिस्क कुठे? त्याच टेबलाच्या खालच्या खणात. शिरोलीजवळ महामार्ग बंद, त्यामुळे चार दिवस कुणी तिकडे पोचूही शकलं नाही. डेटा परत उभा केला तो बिलांच्या छापील प्रतींवरून, त्याही वरच्या कपाटातल्या म्हणून वाचल्या. मी दर तीन महिन्यांनी गिऱ्हाइकाचा बॅकअप माझ्या ऑफिसात नव्या मशीनवर उभा करून बघतो. उभा राहिला नाही तर तो बॅकअप नव्हताच.

वही लगेच बंद करणं

सॉफ्टवेअर सुरू झालं की शेठना रजिस्टरं बंद करायची घाई होते. दोन्हीकडे लिहायचं म्हणजे दुप्पट काम, माणसं कुरकुरतात, आणि आपल्यालाही शेवटचा हप्ता हवा असतो. माझा नियम असा, की एक महिनाअखेर आणि एक पूर्ण स्टॉक मोजणी दोन्हीकडे जुळल्याशिवाय वही बंद नाही. जुळली नाही तर आणखी एक महिना. करारात तसं लिहितो, आणि शेवटचा हप्ता त्या मोजणीवरच ठेवतो, म्हणजे घाई मलाही करता येत नाही.

परवा कागलच्या एका मशीनशॉपमधून फोन आला. दीड महिना झाला, रजिस्टर बंद करू का? विचारलं, मोजणी झाली? म्हणाले, अंदाजे जुळतंय की. किती फरक? म्हणाले, चाळीस-पन्नास नग इकडं-तिकडं. मी सोमवारी जाणार आहे, वही सुरूच ठेवायला सांगितली आहे. शेठ जरा नाराज आहेत.